चुडा भरतानाचा फोटो

माझा पहिला कॅमेरा मला पगाराऐवजी मिळाला. गिरगावातल्या ज्या फोटोच्या दुकानात मी चार वर्षं फोटो उमटवायच्या काचा धूत होतो, तिथल्या मालकांनी नवा कॅमेरा घेतला, आणि त्याच आठवड्यात त्यांना आठवलं की माझा तीन महिन्यांचा पगार द्यायचा राहिला आहे. "पैसे काय, आज आहेत, उद्या उडतील," ते म्हणाले. "हा जुना कॅमेरा ने. जन्मभर पुरेल." त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा एक कपचा उडालेला होता आणि त्यामुळे प्रत्येक फोटोचा एक कोपरा धुरात बुडाल्यासारखा येत असे. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या काचा मीच धूत होतो. तरीही मी कॅमेरा असा घट्ट धरला की मालकांना वाटलं असेल, आपण उगाच स्वस्तात दिला.

मला महाडला परत यायचं होतं. दुसरं काही नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्यांतले किती दिवस आम्ही एकत्र राहिलो ते बायकोनं एकदा स्वयंपाकघरात बोटांवर मोजून दाखवलं होतं. दोन्ही हातांची बोटं पाच वेळा पुरली, सहाव्या वेळी उरली. ती हसत होती, पण मी हसलो नाही. फोटो काढून पोट भरतं की नाही याची मला काहीच कल्पना नव्हती. पण महाडात दुसरा फोटोवाला नव्हता एवढं मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी स्वप्नं पाहत होतो.

वडील तांदळाच्या वखारीत कारकून होते. त्यांनी कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली, काळं फडकं उचलून आत पाहिलं आणि म्हणाले, "माणसं लग्नाला जातात ती जेवायला. हा फोटो कोण खाणार?" मग त्यांनी निकाल दिला. मुंबईला माझ्या मामांनी एका सुताच्या दुकानात माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. ती पावसाळ्यापर्यंत थांबणार होती. होळीपासून मृगापर्यंत लग्नसराई. तेवढ्यात धंदा उभा राहिला तर महाड, नाही तर मुंबईला नेणारी धरमतरची बोट. वडिलांचा शब्द म्हणजे वखारीचा काटा, एकदा स्थिरावला की हलायचा नाही. मी हो म्हटलं.

भांडवलाची तजवीज मात्र मी मुंबई सोडण्याआधीच करून आलो होतो, आणि त्याचा मला आजही जरा गर्व आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथले तीसेक बाप्ये परळला एका खोलीत राहत. अर्धे दिवसपाळीला गेले की उरलेले अर्धे त्यांच्याच वाकळांवर आडवे होत. आमच्या मुलखातली माणसं म्हणून मी कधी रविवारी तिथं जेवायला जाई. दर लग्नसराईला त्या खोलीत एकच रड चाले: वाडीत लग्न, आणि रजा नाही. रजा घेतली तर बदलीवाला जागा बळकावणार. मग लग्नाच्या दिवशी ही तीस माणसं गिरणीतून येऊन भिंतीला टेकून बसत आणि आता हळद लागली असेल, आता पंगत बसली असेल, असं एकमेकांना सांगत.

एका रविवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा वाडीत चार लग्नं आहेत. ज्यानं त्यानं आठ-आठ आणे टाका. मी चारही लग्नांचे मोठे फोटो काढून इथं पाठवतो. भिंतीवर लावा. रजा न मिळालेल्याला लग्न दिसेल."

कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "पंगत पन दिसंल?"

"दिसेल."

"वाढपी दिसंल? म्हंजे कोनाला किती वाढतो ते?"

"तेही दिसेल."

"मंग घ्या माजे आट आने," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्यामागून सगळ्यांचे आले. त्या पैशांत मी काचा, छापायचा कागद आणि औषधांच्या बाटल्या घेतल्या आणि ते सगळं काचसामान मांडीवर धरून महाडपर्यंत आलो. मोटारीत शेजारच्या बाईनं विचारलं, लोणचं आहे का. मी हो म्हटलं, म्हणजे ती पाय लावणार नाही.

महाडला आल्यावर मी घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर पांढऱ्या रंगात पाटी रंगवली आणि दाराबाहेर टांगली. दोन आठवडे पाटी वाऱ्यावर वाजत राहिली. त्या दोन आठवड्यांत पाटीकडे निरखून पाहणारं एकच गिऱ्हाईक आलं, शेजारची शेळी, आणि तिनंही पाटी चाटून पाहिली आणि सोडून दिली. माणसांचं म्हणणं वेगळंच होतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं सगळ्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी असली जोखीम कोण घेणार? मी चौकात उभा राहून समजावत असे, आणि जितकं समजावत असे तितका संशय वाढत असे.

माझा धंदा ज्या बाईनं उभा केला ती आमच्याकडे बायकोला बांगड्या भरायला आली होती. ती कासारीण. पन्नाशीची, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या बायकांनाही आपल्याशीच बोलते आहे असं वाटावं. पाठीवर बांगड्यांचं बोचकं टाकून ती तुडीलपासून सवपर्यंत आणि वर पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत पायी हिंडत असे. पाटीखालून आत येताना तिचं कपाळ पत्र्यावर आपटलं.

"ह्यो पत्रा कशाला टांगलाय रे दारात?"

मी सांगितलं. लग्नाचे फोटो काढतो म्हटल्यावर ती मटकन खाली बसली आणि बायकोचा हात हातात घेऊनच हसायला लागली. "आनि पाटी टांगून वाट बघतोस? लग्न ठरलं की पयलं कोनाला कळतं, ठाव हाय? भटजीला नाय. मला कळतं. नवरीचा चुडा मी भरायचा, घरातल्या बायकांना बांगड्या मी घालायच्या. मी बोचकं सोडलं की घरातल्या झाडून साऱ्या बायका माज्या भवती. तितं बोलायचं सोडून तू पत्र्याशी काय बोलतोस?"

मी हात जोडले. "मग तुम्हीच बोला ना मावशी माझ्यासाठी."

"बोलीन. पन फुकाट नाय. माजा फोटू काढ. आनि अर्धामुर्धा नको. डोक्यापास्नं पायापत्तर, आनि पायात वहाना."

वहाणा तिच्याकडे नव्हत्या. जन्मभर ती अनवाणीच हिंडली होती. तेव्हा माजघरातून वडिलांच्या नव्या वहाणा आणल्या, तिनं त्या घातल्या, बोचकं शेजारी मांडलं आणि कंबरेवर हात ठेवून अशी उभी राहिली की भिंगाचा उरलासुरला भागही फुटतो की काय अशी मला भीती वाटली. तेवढ्यात वडिलांना वखारीत जायचं होतं. ते अंगणात येऊन तीन वेळा विचारून गेले, माझ्या वहाणा कुणी पाहिल्या का. कासारीण हलली नाही. हलू नको म्हणून मी सांगितलं होतं ना.

तो फोटो तिनं हळदीच्या फडक्यात गुंडाळून बोचक्यात ठेवला. पुढं जिथं जिथं ती बांगड्या भरायला बसली तिथं तो फोटो हातोहात फिरला. कुणी आयुष्य कमी होण्याची गोष्ट काढली की ती छातीवर हात आपटून विचारायची, "मंग मी मेले काय गो?" एक म्हातारी तेवढी म्हणाली, की आणखी एक पावसाळा जाऊ दे, मग बघू. बाकी बायका मात्र फोटोतल्या वहाणांकडे बघून गार झाल्या. पंधरा दिवसांत मला तुडीलचं एक लग्न मिळालं आणि सवचं एक. तुडीलवाल्यांनी मला तांदूळ दिले, सववाल्यांनी आमसुलं आणि एक कोंबडा. कोंबडा रोज पहाटे वडिलांच्या उशाशी आरवत असे, त्यामुळे धंदा वाढतो आहे हे त्यांना विसरता येत नव्हतं.

आता वाडीची लग्नं. तिथंच माझी खरी परीक्षा होती, कारण ते आठ आणे मी आधीच खर्चून बसलो होतो. पोलादपूरपासून चढ. कॅमेरा डोक्यावर, तिपाई खांद्यावर, काचांची पेटी छातीशी. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं, बाजाची पेटी का. वर पोहोचल्यावर मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग मी मांडवात तिपाई उभी केली आणि चूक केली. "त्या टोकाला कोणी उभं राहू नका," असं मी सांगितलं. भिंगाचा कपचा तिकडचा होता म्हणून. पण नवऱ्या मुलाच्या मामाला वाटलं, त्या जागेत काही तरी मान आहे आणि तो आपल्याला मुद्दाम नाकारला जातो आहे. तो रुसला. वाढपी, वाजंत्री, पंगत सगळं थांबलं. शेवटी त्याला वाजतगाजत त्या टोकाला नेऊन उभं केलं तेव्हा कुठं फोटो झाला.

उन्हाळ्यात महाडला काचा धुणं म्हणजे जीव टांगणीला. पाणी कोमट असलं की काचेवरचा थर लोण्यासारखा सुटून येतो आणि अख्खं वऱ्हाड परातीत वाहून जातं. म्हणून मी रात्रभर माठात निववलेल्या पाण्यानं सूर्य उगवायच्या आत काचा धूत असे. बायको परात धरायची. त्या दिवशी काच उजेडात धरून तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात नवरी कुठली?"

"ही काय, मधली."

"ते कळतंय. पण तिचं तोंड?"

तोंड नव्हतं. नवरी म्हणून जी बसली होती तिनं मान अशी खाली घातली होती की मुंडावळ्या, भांग आणि पदर एवढंच भिंगाला दिसलं होतं. ते साहजिकच होतं. भर मांडवात वर बघणारी पोर म्हणजे निर्लज्ज पोर, हे पाळण्यातल्या मुलीलाही ठाऊक. ते मलाही ठाऊक होतं, पण फोटो काढताना मी नवरीकडे बघितलंच नव्हतं. मी त्या रुसलेल्या मामाकडे बघत होतो. तरी मी तो फोटो छापून परळला पाठवला, कारण दुसरा काढणार कुठून?

आठवड्याभरात उत्तर आलं. आमच्या घरी पत्र कोणाचंही असो, वडील ते मोठ्यानं वाचत. वखारीतली सवय. परळच्या खोलीच्या कारभाऱ्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं:

"फोटो पावला. नवरदेव वळखला. व्याही वळखला. पंगत चांगली हाय, वाढपी हात आखडतो हे दिसलं. नवरीचा भांग दिसतो, तो सरळ हाय. पण ही पोर कोणाची ते खोलीत कळत नाय, त्यावरनं आमच्यात दोन तट पडले. येका कोपऱ्यात धुराला फेटा बांधून उभा केला हाय, तो कोण? पुढचे फोटो असेच येणार असले तर आमचे आठ आणे परत द्यावे."

वडिलांनी पत्राची घडी घातली. ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिश्या हलल्या. "मुंबईला तुझ्या मामाला काय कळवू?" त्यांनी विचारलं.

"मृग लागायचा आहे अजून," मी म्हणालो, आणि आत गेलो. आत बायको चुलीशी पाठ करून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी कोंबड्यावर ओरडलो.

दुसऱ्या लग्नात मी तोंड उघडलं. भिंगाची टोपी काढण्याआधी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणालो, "नवरीबाई, जरा वर बघा." परक्या बाप्यानं भर मांडवात नवरीला हाक मारली! नवरीची हनुवटी छातीला टेकली, आणि तिच्या आत्यानं उठून पदर नाकापर्यंत ओढला. तिसऱ्या लग्नात मी अक्कल चालवली. मान खाली आहे ना, मग भिंगच खाली नेऊ. तिपाईचे पाय आखडले, स्वतः शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथा पडलो आणि खालून वर फोटो काढला. त्यात नवऱ्या मुलाच्या नाकपुड्या फार स्पष्ट आल्या. आंब्याचं तोरण आलं. नवरीनं मात्र मला पालथं पडलेलं बघून हसू आवरायला दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तो फोटो पाठवावा की नाही यावर मी दोन दिवस विचार केला आणि पाठवला. परळहून उत्तरच आलं नाही. ते मला शिव्यांहून वाईट वाटलं.

आता एकच लग्न राहिलं होतं, वैशाखाच्या शेवटी. काचा राहिल्या होत्या दोन.

कासारीण बायकोच्या तोंडून सगळं ऐकून तरातरा माझ्याकडे आली. "नाकपुड्या काढल्यास म्हनं?"

"मग काय करू मावशी? पोरी मान वर करत नाहीत."

"मांडवात कशी करतील? माज्या म्होरं सगळ्या मान वर करतात. चुडा भरताना पोर खाली बगत नाय, मी बगू देतच नाय. बांगडीकडं बगितलं की हात आखडते, बांगडी वाढवते. माज्या तोंडाकडं बग, असं मी सांगते, आनि कायबाय बोलत ऱ्हाते. तवा तुझी ती पेटी माज्या पाठीमागं ठेव. माज्याकडं बगंल ती तुज्या पेटीकडं बगंल."

इतकी वर्षं मी भिंग कुठं ठेवावं ते शिकलो होतो, आणि हे मला बांगड्या विकणाऱ्या बाईनं शिकवावं! मला लाज वाटली, पण आनंद जास्त झाला.

ते चौथं घर एका विधवेचं होतं. मुलगी चौदा वर्षांची. थोरला मुलगा परळच्या त्याच खोलीत राहत होता, आणि या लग्नाचा खर्च त्याच्याच पगारातून चालला होता, म्हणून रजा घेण्याची सोयच नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा आई अंगणात सारवत होती. हात धुऊन ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माजा ल्योक येत नाय. त्याला पोर नीट दाव रे बाबा." मी दाखवतो म्हणालो. दाखवता आली नाही तर माझं काय होईल हा विचार त्या बाईसमोर मला पहिल्यांदाच लहान वाटला.

दुपार कलली होती. अंगणात उजेड चांगला होता. कासारणीनं बोचकं सोडलं आणि हिरव्या बांगड्यांच्या माळा मांडल्या. नवरी समोर बसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या मैत्रिणी आणि चुलत बहिणी, सहा जणी. अजून मुंडावळ्या नव्हत्या, सासरची माणसं नव्हती, डोक्यावर पदर नव्हता. माहेरच्या पोरी होत्या आणि माहेरच्यासारखंच कलकलत होत्या. मी कासारणीच्या पाठीमागे तिपाई लावून फडक्यात शिरलो तेव्हा त्या थोड्या बिचकल्या. कासारीण म्हणाली, "तो कोन नाय, फोटूवाला हाय," आणि मी कोणीच नाही हे सगळ्यांना लगेच पटलं.

पण हलण्याचं काय? मला दोन आकडे मोजेपर्यंत सगळं स्थिर हवं होतं, आणि ह्या सात जणी एक क्षण गप्प नव्हत्या. तेही कासारणीच्याच हातात होतं. बांगडी चढते तेव्हा अंगठ्याच्या सांध्याशी येऊन अडते. तिथं हात दाबावा लागतो, दुखतं, आणि त्या क्षणी भरून घेणारी श्वास धरते आणि बघणाऱ्याही धरतात, कारण बांगडी वाढते, म्हणजे फुटते, ती तिथंच. कासारीण एकसारखी बोलत होती, नवऱ्याच्या गावाबद्दल, सासूच्या दातांबद्दल, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आता हाय हां. माज्याकडं बग."

सात तोंडं वर. सात श्वास थांबलेले. मी भिंगाची टोपी काढली. एक, दोन. टोपी लावली. बांगडी सरकन मनगटावर गेली आणि सगळ्या एकदम खिदळल्या. दुसरी काच मी वापरलीच नाही. मला खात्री होती. चुडा भरून झाल्यावर नवरीनं वाकून कासारणीला नमस्कार केला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, मलाही केला.

काच अप्रतिम आली. बायकोनं ती उजेडात धरली आणि एक एक तोंड बोटानं दाखवून मोठ्यानं मोजलं. सात. पुढं कासारणीचा अंबाडा आणि रुंद पाठ, चुडा भरला जाणारा हात त्या पाठीआड गेलेला, आणि तिच्या खांद्यावरून दिसणाऱ्या सात पोरी, डोळे मोठे केलेल्या, ओठ मिटलेल्या, हसायच्या बेतात. धुराच्या कोपऱ्यात नुसता फणस होता. फोटो छापून परळला पाठवला आणि मी वाट बघू लागलो. इकडे मृग जवळ येत चालला. मामांचं स्मरणपत्र आलं. वडिलांनी मोटारीची चौकशी करून ठेवली आणि तसं मला सांगितलंही. बायको माझे सदरे धूत होती. धुवू नको, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग एकाच टपालानं दोन पत्रं आली. पहिलं कारभाऱ्याचं. वडील ओसरीवर बसून वाचू लागले. फोटो पाहून खोलीत सण झाला, आमच्या वाडीच्या पोरी अशा दिसतात हे आम्ही विसरलो होतो, शेजारच्या खोलीतले लोक बघायला येतात, त्यांच्या गावच्या पुढच्या सालच्या लग्नांचे आठ-आठ आणे आत्ताच घ्यावेत असं त्यांचं म्हणणं आहे, आणि कासारणीची पाठही चांगली आली. मी उभा होतो तिथं नाचायचाच बाकी होतो. वडिलांनी चष्मा पुसला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं. पण हे झालं होळी ते मृग. पुढचे आठ महिने काय, आमसुलं खायची? तू मामांकडे जा. पुढच्या होळीला रजा घेऊन ये आणि काढ फोटो. मी नाही म्हणणार नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी म्हणालो, बरं.

वडिलांनी दुसरं कार्ड उचललं. पत्ता माझा होता, तरी तेच वाचू लागले. ते नवरीच्या भावाचं होतं. अक्षर त्याचं स्वतःचं, मोठं मोठं आणि वाकडं.

"फोटोवाले यांस नमस्कार. फोटो मिळाला. सात पोरी दिसतात. मी घर सोडून आठ वर्षं झाली. मधी येकदा दोन दिवस गेलतो तवा ती बारकी होती. खोलीत इचारायची लाज वाटते. यातली माझी बहीण कोणती ते कळवावं. कोणाला सांगू नये."

वडील शेवटची ओळ वाचून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती मोठ्यानं वाचायची नव्हती. त्यांनी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मला वाटलं होतं, सगळी तोंडं उघडी आली म्हणजे झालं. सात पोरींत आपली बहीण कोणती हे भावाला सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

"आठ वर्षं," वडील म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मामाला मी लिहितो. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. पावसाळ्यात वखारीत ये माझ्याबरोबर, पोती मोजायला माणूस लागतो." आणि लगेच चिडल्यासारखे, "बघतोस काय? त्याला उत्तर लिही आधी. टपाल निघेल."

मी दौत घेऊन बसलो. घरात ठेवलेली फोटोची दुसरी प्रत समोर धरली आणि लिहिलं, "डावीकडून तिसरी."

वडील माझ्या खांद्यावरून बघत होते. "एवढंच? तिसरी म्हणजे काय, पोतं आहे? कशी दिसते ते लिही."

मग मी लिहिलं. उंच झाली आहे. रंग आईचा. डाव्या भुवईवर बारीक व्रण आहे. हात दुखला तरी हूं की चूं केलं नाही. बांगडी चढल्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसली ती हीच. निघताना मला वाकून नमस्कार केला. लिहीत गेलो तोवर कार्ड भरलं आणि पत्त्यापुरती जागा उरली. दाराशी बायको येऊन उभी राहिली होती, आणि मी जाणार नाही या आनंदानं माझं अक्षर भावाच्या अक्षराइतकंच वाकडं येत होतं. त्या आनंदाची मला लाजही वाटत होती. माझा धंदा ज्यांच्या आठ-आठ आण्यांवर उभा राहिला, त्यांना घरी येता येत नव्हतं म्हणूनच तर तो उभा राहिला होता.